दोंडाईच्याचा नंबर

मला कोणाचं काही पटकन पटत नाही, हे आमच्या गावात शेंबड्या पोरालाही माहीत आहे. म्हणूनच नव्व्याण्णव सालच्या जानेवारीत केळी ग्रुपच्या बैठकीत चुडामण शेठ म्हणाला, "मोबाइल तपासायले गिरधरनानाच पाहिजे. जो माणूस बायकोच्या हातचा चहा बी वास घेतल्याबिगर पेत नाही, त्याले कंपनीवाले काय फसवतीन?" सगळे हसले. मीही हसलो, कारण चहाचं खरं होतं.

आमचं गाव रावेरपासून पाच मैलांवर, सातपुड्याच्या पायथ्याशी. घड कापून बांधावर ठेवले आणि ट्रक वेळेवर आला नाही, तर सगळा माल जागेवर पिकतो आणि वर्षाची मेहनत ढोरांपुढे टाकावी लागते. गावात टेलिफोन होता, पण जरा वारा सुटला की तो मुका. म्हणून ग्रुपने दहा मोबाइल घ्यायचे ठरवले. कंपन्या दोनच. त्यांची नावं इंग्रजी आणि लांबलचक. एकीचा एजंट जळगावला बसायचा, दुसरीचा धुळ्याला. तेव्हा सुनांना माहेरच्या गावावरून हाक मारतात तसं आम्ही एकीला जळगाववाली आणि दुसरीला धुळेवाली म्हणू लागलो. पंधरा दिवस वापरून बघा म्हणून दोघींनी एकेक फोन दिला होता. दिवसभर ते माझ्याकडे असायचे आणि सूर्य कलला की चुडामणच्या ऑफिसात चार्जिंगला लावून मी घरी यायचो, कारण आमच्या गल्लीत संध्याकाळची लाइट कधीच नसायची.

मी शंभर पानी वही आणली आणि रकाने आखले. जागा कोणती, रेंजच्या कांड्या किती, घंटी किती सेकंदांनी वाजली, आवाज तुटला का, फोन आपोआप कट झाला का. दोघींचे स्वभाव चार दिवसांत कळले. जळगाववाली चटपटीत. नंबर दाबला की सात-आठ सेकंदांत घंटी, पण बोलता बोलता शब्द खायची आणि मनात येईल तेव्हा कट. धुळेवालीला आमच्याकडे रेंज कमी. पाण्याच्या टाकीवर चढावं तेव्हा कुठे एक कांडी. नंबर दाबून वीस-पंचवीस सेकंद नुसती सामसूम, तोवर माणसाचा जीव कावून जातो. पण एकदा लागली की सोडायची नाही, आणि आवाज इतका स्वच्छ की पलीकडचा श्वाससुद्धा ऐकू यायचा.

अडचण एकच होती. फोन तपासायचा म्हणजे पलीकडे उचलणारं कोणीतरी लागतं. दोन दिवस मी चुडामणच्याच ऑफिसात फोन लावले. तिसऱ्या दिवशी त्याने रिसीव्हर बाजूला काढून ठेवला आणि निरोप पाठवला की नानाला दुसरं गिऱ्हाईक शोधायला सांगा. माझ्या बंडीच्या खिशात, तंबाखूच्या डबीखाली, तीन वर्षांपासून एक चिठ्ठी होती. तिच्यावर दोंडाईच्याकडचा एक नंबर होता. तो मला पाठ होता, पण मी तो कधी फिरवला नव्हता.

नंबर माझ्या भाचीचा, प्रमिलाचा. माझी थोरली बहीण सुगंधा, आमची अक्का, दोंडाईच्याजवळच्या एका खेड्यात दिलेली. प्रमिला तिची एकुलती एक पोर. अक्का सत्त्याऐंशी साली गेली आणि तेव्हापासून मी त्या गावात पाऊल ठेवलं नव्हतं. प्रमिलाच्या लग्नात मामा म्हणून मी उभं राहायचं, तर ताप आल्याचं सांगून घरी बसलो आणि आहेर देऊन चुडामणला पाठवलं. तिच्या बापाने, सुकदेव दाजींनी, जावई घरीच ठेवून घेतला होता, म्हणून पोर त्याच घरात राहिली. पुढे दाजीही गेले. चुडामणने लग्नाहून येताना तो नंबर लिहून आणला आणि म्हणाला, "निदान फोन तरी कर. पोरीनं तुह्याबद्दल दहा डाव विचारलं."

मलाही तिला विचारायचं होतं. एकच गोष्ट. बारा वर्षं ती विचारायची होती आणि बारा वर्षं उत्तराची भीती वाटत होती.

ते सांगायचं तर आधी आमची एक रीत सांगावी लागेल. आमच्याकडे फोनवर मरण सांगत नाहीत. माणूस गेलेलं असलं तरी फोनवर म्हणायचं, जास्त आहे, निघून या. ऐकणारा प्रवासात असताना त्याला धक्का बसू नये, म्हणून असेल. ऐकणाऱ्यालाही ही रीत माहीत असते, म्हणून तो काही विचारत नाही. फोन खाली ठेवतो आणि तयारीला लागतो.

सत्त्याऐंशीच्या पौषात सकाळी आठ वाजता चुडामणच्या फोनवर सुकदेव दाजींचा ट्रंककॉल आला. मी धावत गेलो. दाजी एवढंच म्हणाले, "तुमनी अक्काले जास्त शे. निंघी या." आणि फोन ठेवला. अक्काला कावीळ होती हे मला ठाऊक होतं. मी चुडामणकडे पाहिलं, त्याने मान खाली घातली. तो म्हणाला, "माहेरचं लुगडं घ्या लागीन, गिरधर." सवाष्ण बाई गेली की माहेरचं हिरवं लुगडं नेसवून तिला वाटे लावतात. भाऊ ते घेऊन पोचल्याशिवाय तिला उचलत नाहीत.

नऊची गाडी मिळाली असती. पण मी रावेरच्या बाजारात दुकान उघडायची वाट पाहत बसलो. दुकान उघडल्यावर तीन लुगडी नापसंत केली. एकाचा काठ बारीक, एकाचा रंग कच्चा, तिसऱ्याचं पोत मला आवडेना. आयुष्यात बहिणीला मी मनासारखं काही घेतलं नव्हतं, निदान हे तरी चांगलं असावं असं माझ्या डोक्यात. नंतरच्या गाडीने भुसावळ, तिथे पुढच्या पॅसेंजरची वाट. दुपारी दोनला पोचायचा तो मी दिवेलागणीच्या जरा आधी पोचलो.

अंगणात शिरलो तर रडणं नाही. दारासमोर ओट्यावर खाट, खाटेवर अक्का, आणि तिचे डोळे उघडे. लुगड्याची पुडी माझ्या काखेत, कागद फाटून हिरवा काठ बाहेर आलेला. ती माझ्याकडे पाहत होती. मी तिथेच खिळलो. तेवढ्यात अकरा वर्षांची प्रमिला तिच्या तोंडाशी वाकली, मला वाटलं ओठ पुसते आहे, आणि मग आत जाऊन तिने तांब्याभर पाणी आणून माझ्या हातात दिलं. मयताच्या घरात आग दिल्याशिवाय आलेल्याला पाणी देत नाहीत. तो तांब्या हातात आला तेव्हा मला पक्कं कळलं की अक्का जिवंत आहे, आणि मी तिच्यासमोर तिचं लुगडं घेऊन उभा आहे. मी पाणी प्यालो. पुडी ओट्याच्या कोपऱ्यात फेकली आणि तिच्या पायाशी जाऊन बसलो, पण ती काही बोलली नाही. तासाभराने गेली. तेच लुगडं तिला नेसवलं.

तिने पुडी पाहिली का? पाहिली तर तिला समजलं का? ती गेली तेव्हा माझ्याबद्दल काय मनात घेऊन गेली? हे जर कोणाला माहीत असेल तर फक्त प्रमिलाला, कारण ती उशाशी होती.

तर बारा वर्षांनी, केळीच्या बांधावर उभं राहून, भर दुपारी, मी जळगाववालीवरून तो नंबर दाबला. आठ सेकंदांत घंटी. "हॅलो, कोन?" आवाज अक्काचा होता. म्हणजे प्रमिलाचाच, पण पोरगी मोठी झाली की आवाजही आईचा होतो, हे माझ्या ध्यानात नव्हतं. मी काही बोलायच्या आत जळगाववालीने फोन तोडला. वहीत लिहिलं: आठ सेकंद, तीन कांड्या, आपोआप कट.

दुसऱ्या दिवशी टाकीवरून धुळेवाली लावली. तिसऱ्या दिवशी रावेर स्टेशनवरून. "कोन बोली ऱ्हायनं? बोला ना." मी दोन्ही वेळा गप्प. चौथ्या दिवशी भुसावळच्या पुलाखालून. धुळेवालीला तिथे चार कांड्या. प्रमिलाने उचलला, एकदा कोन म्हणून विचारलं आणि मग बराच वेळ तिचा नुसता श्वास ऐकू येत होता.

"माय," ती हळूच म्हणाली, "तू शे का?"

दुपारचे दोन वाजले होते, डोक्यावर ऊन होतं, तरी मी मागे वळून पाहिलं. कोणी नव्हतं. मी बटण दाबून फोन बंद केला आणि त्या दिवशी वहीत काही लिहिलं नाही.

तिथेच थांबायला हवं होतं. शहाणा माणूस थांबला असता. पण मी दुसऱ्या दिवशी पुन्हा लावला, आणि आता ती कोन म्हणून विचारतच नव्हती. उचलायची आणि बोलू लागायची. यंदा दादर, म्हणजे रब्बीची ज्वारी, चांगली आलीय, पाखरांनी जीव नकोसा केलाय. ओसरीवरचा पत्रा वाजतो. रुपचंद, म्हणजे तिचा नवरा, दोंडाईच्याच्या शाळेत मास्तर आहे, त्याची सायकल चोरीला गेली. मी ऐकत राहायचो. एकदा मला माझा तो नेहमीचा दोनदा येणारा ठसका आला. मी फोन पोटाशी दाबून धरला, आणि कानाला लावला तेव्हा ती गप्प होती. मग पुन्हा बोलू लागली. मला वाटलं, निभावलं.

घरी बेबाबाई, माझी बायको, म्हणाली, "फोन तपासून राह्यले का कोनाले भुलले? जेवनात ध्यान नाही तुमचं." चुडामणने वही चाळली आणि विचारलं, "नाना, हे बठ्ठे फोन दोंडाईच्याले. तिकडे आपली केळी कोन खातं?" मी म्हणालो, लांबचा फोन तपासल्याशिवाय कंपनी कळत नाही. हे खोटंही नव्हतं. पण खरं म्हणजे मी सकाळपासून दुपारची वाट पाहायचो. त्या आवाजात मला बहीण भेटत होती, आणि प्रमिलाला आई भेटत होती, आणि मध्ये मी भुतासारखा बसलो होतो. मला स्वतःची लाज वाटायची आणि तरी मी नंबर दाबायचो.

बाराव्या दिवशी टाकीवरून लावला. वारा नव्हता. त्या दिवशी तिने शेतीचं, घरचं काही काढलं नाही; उचलताच म्हणाली, "माय, मामानं लुगडं तू काही देखं नही. तुना डोया झाकेल व्हतात. तू काही देखं नही आनि तुले काही समजनं नही. माले माहीत शे."

आवाज जराही तुटला नाही. शब्दन् शब्द कानात पडला. बारा वर्षं ज्याची वाट पाहिली ते उत्तर टाकीवर उभं राहून मला मिळालं होतं. मी खाली उतरलो, पायरीवर बसलो, मोकळं वाटायची वाट पाहिली. वाटेना. कारण अक्काचे डोळे उघडे होते. ते मी पाहिले होते. आणि आम्ही ज्या मुलखातली माणसं आहोत तिथे फोनवर सांगितलेलं कधी खरं नसतं. धुळेवालीने आवाज कितीही स्वच्छ आणला, तरी त्यात वाईट असेल ते वाटेतच गाळलेलं असणार. ते समोर बसूनच सांगतात.

रविवारी मी दोन्ही फोन पिशवीत घातले आणि चुडामणला म्हणालो, आज मुक्कामी तपासणी आहे. गाडीतही सवयीने दोघींच्या कांड्या पाहत होतो. अमळनेर सोडलं तशी जळगाववालीची शेवटची कांडी गेली. धुळेवालीच्या नरडाण्यानंतर वाढत गेल्या. दोंडाईच्याला उतरून त्या गावी पोचलो तेव्हा दिवस कलला होता, म्हणजे तीच वेळ. मी काखेत काही धरलं नव्हतं, पण हात अंगाशी आवळलेलाच होता.

अंगण तेच. ओट्यावर खाट नव्हती. प्रमिला दारात सूप घेऊन दादर पाखडत बसली होती. तिने वर पाहिलं. ती दचकली नाही, रडली नाही, सूप बाजूला ठेवून आत गेली आणि तांब्याभर पाणी घेऊन आली.

"पी मामा," ती म्हणाली. "दूरथून उना तू."

मी पाणी प्यालो. मग ओट्यावर बसून सगळं सांगून टाकलं. म्हणालो, "बाई, ते मुके फोन माह्ये होते. तुही माय नव्हती. मी पापी माणूस आहे, मले माफ कर."

"माले माहीत शे," ती म्हणाली. "पहिले मी मायच समजनी. मंग तू खोकलना. तो खोकला बठ्ठा गावले माहीत शे."

"मंग लुगड्याचं जे बोलली, ते मले ऐकू यावं म्हनून?"

"व्हय."

"खरं का ते?"

तिने सूप पुन्हा मांडीवर घेतलं, दोन खडे निवडून टाकले. "फोनवर खरं कोन सांगस, मामा?"

मग ती माझ्याकडे न पाहता बोलू लागली. "तिनी देखं. हिरवा काठ देखा, समजनं बी तिले. तुनं तोंड देखं. मंग माले हातवरी बलावं. मी तिना तोंडजोडे कान लई गऊ. ती म्हने, 'भाऊले पानी दे. पानी दिधं म्हंजे त्याले समजी जाई, मी शे आजून.' त्यानानंतर ती बोलनीच नही."

बारा वर्षं मला वाटत होतं की ते पाणी पोरीने आपल्या मनाने दिलं. पाहुणा आला, पोर पाणी घेऊन आली, इतकंच. ते अक्काने पाठवलं होतं. माझ्या काखेतली पुडी पाहून, सगळं समजून, तिने शेवटचा शब्द माझ्या तहानेसाठी खर्च केला. मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही. प्रमिला दादर पाखडत राहिली, मला रडू दिलं.

दिवे लावायची वेळ झाली. तिने देवापुढे दिवा लावला, बाहेर आली आणि म्हणाली, "एक इचारू? दुपारना फोन तुना व्हतात. संध्याकायना कोना?"

"कोणते संध्याकाळचे?"

"दिवा लावाना टाइमले येस. रोज नही. कोनी बोलत नही. तू खोकलना त्यानानंतर बी येतंस. मी म्हंतू, मामा इसरीसन दोनदा लावस व्हई."

मी तिला सांगितलं की संध्याकाळी फोन माझ्याजवळ नसतात. चुडामणच्या ऑफिसात तारेला लावलेले असतात आणि ऑफिसला कुलूप असतं. मी पिशवीतून दोन्ही फोन काढून ओट्यावर ठेवले. जळगाववालीला एकही कांडी नव्हती. धुळेवालीला तीन होत्या, पण ती आमच्या दोघांच्या डोळ्यांसमोर पडली होती.

आणि आत टेलिफोन वाजला.

आम्ही दोघं एकमेकांकडे पाहत राहिलो. चार घंट्या झाल्या, पाच झाल्या. प्रमिला उठली नाही. "तू उचल, मामा," ती म्हणाली.

मी आत गेलो. कोनाड्याजवळ टेलिफोन, वर दाजींचा फोटो, शेजारी अक्काचा. रिसीव्हर उचलून कानाला लावला. पलीकडे कोणी बोलत नव्हतं. खरखरही नव्हती. रस्त्यावर कोणी बोलत नसताना येतो तसा मोकळ्या जागेचा आवाज होता. सवयीने मी कोण म्हणून विचारणार होतो, पण विचारलं नाही.

"अक्का," मी म्हणालो, "मी आलो. पाणी पेलो."

उत्तर आलं नाही. माझ्या मागे दारात प्रमिला येऊन उभी राहिली होती, तिचा हात माझ्या पाठीवर होता. मी कान लावून तसाच उभा राहिलो. किती वेळ ते सांगता येणार नाही, घड्याळ पाहिलं नाही आणि वही पिशवीतच होती. फोन तिकडून कट झाला नाही, आणि मीही केला नाही.